बाहेरची वायर

या, पुढे या. असं दाराशी चपलांच्या शेजारी बसू नका. तिथवर माझा आवाज पोचायचा नाही, आणि आजची गोष्ट मला मोठ्यानं सांगवतही नाही. मांडीला मांडी लावून बसा. शेजारणीचा हात धरावासा वाटला तर खुशाल धरा, मी हसणार नाही. कीर्तनात बुवा आधी देवाला नमस्कार करतात, मग श्रोत्यांना, आणि मग कथेला हात घालतात. मीही तोच क्रम धरते. रामकृष्णहरी. आता ऐका. ही कथा कुठल्या राजाची नाही की राक्षसाची नाही. बिबवेवाडीतल्या एका चौथ्या मजल्यावरची आहे, भर दुपारची आहे, आणि सांगायला बसले की अजून माझे तळहात ओले होतात.

आमच्या दारासमोरचं दार यज्ञेश्वर सरांचं. सर गणिताचे मास्तर. आयुष्य पेठेत गेलं, निवृत्तीनंतर इकडे राहायला आले. बायको नीरजाताई. त्यांची जीभ अशी की सुरीला धार लावायची तर त्यांच्याकडे न्यावी. मी मुक्ता, मूळची अकोल्याकडची, यजमानांच्या नोकरीपायी पुण्याची झाले. पहिल्याच भेटीत नीरजाताई मला म्हणाल्या होत्या, "अकोल्याच्या का? मग उन्हाळ्याबद्दल तक्रार करू नका आमच्याकडे." आणि लगेच आत जाऊन कोकम सरबत घेऊन आल्या. तशा आहेत त्या.

आम्हा तिघांना बांधून ठेवलं ते कीर्तनानं. आमचे कीर्तनकार धोंडिबाबुवा वारले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कॅसेटींनी भरलेली एक पत्र्याची पेटी सरांच्या हवाली केली. बुवांचा आवाज त्या कॅसेटींत होता, आणि कॅसेटी चिकटायला लागल्या होत्या. तो आवाज वाचवायचा, असं सरांनी मनावर घेतलं. सर आपल्या खोलीत कॅसेट लावून आवाज कॉम्प्युटरात उतरवायचे, नीरजाताई मधल्या खोलीत तो ऐकून शब्द टाइप करायच्या, आणि मी रोज दुपारी येऊन बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर अभंगांचं शुद्धलेखन तपासायची. तीन खोल्या, तीन कॉम्प्युटर. हवेतून येणारं इंटरनेट त्या घराच्या भिंतींपुढे हात टेकायचं, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन आमची इकडून तिकडे धावपळ चालायची.

दिवाळीला सरांचा भाचा आमोद बंगळुरूहून आला. दोन दिवस त्यानं आमची ही ये-जा पाहिली.

"मामा, तुम्ही पोस्टमन आहात का?"

"पोस्टमन निदान एकदाच बेल वाजवतो," नीरजाताई म्हणाल्या. "तुझे मामा पेनड्राइव्ह आणून देतात, आणि मग तो रिकामा निघाला म्हणून परत येतात."

आमोदनं बुधवार पेठेतून वायरींची भेंडोळी आणली, भिंतीला पांढऱ्या पट्ट्या ठोकल्या आणि तिन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडून दिले. कॉम्प्युटरांना नावं काय द्यायची म्हणून त्यानं विचारलं, तर सर म्हणाले, पेटी, तबला आणि झांज. पेटी सरांची, तबला नीरजाताईंचा, झांज माझी. सरांची सवय अशी की घडीघडीला आतून हाक यायची, "नीरजा, पडद्याखालचं ते पट्टं कुठं गेलं?" आणि नीरजाताईंना हातातलं टाकून उठावं लागायचं. म्हणून आमोदनं आणखी एक सोय केली. 'तबल्या'वरून 'पेटी'चा पडदा जसाच्या तसा दिसायचा. जागेवर बसूनच त्या सरांच्या माउसचा बाण हलवायच्या, हरवलेलं पट्टं शोधून द्यायच्या. सर आतून म्हणायचे, "सापडलं बरं का, माझं मलाच!" आणि आम्ही दोघी तोंडाला पदर लावायचो.

आता त्या दुपारचं सांगते.

मी नेहमीसारखी गेले तर नीरजाताई मधल्या खोलीत नुसत्या बसलेल्या. सरांचं दार बंद. दाराबाहेर जमिनीवर ताट झाकून ठेवलेलं.

"आज सरांची शाळा बंद दाराआड भरली आहे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून. सरकारी काम म्हणे. जेवायलासुद्धा सुट्टी नाही."

बोलणं नेहमीचं होतं, पण त्यांचे डोळे त्या ताटावर खिळले होते. पोळ्या वातड होऊन गेल्या होत्या. भुकेच्या वेळेला सर देवासाठीही थांबत नसत.

मी दाराला कान लावला. आत एक परका पुरुष बोलत होता. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि आवाजात असा हुकूम की मी दाराबाहेर उभी असून पाठ ताठ केली. मध्येच सरांचा आवाज आला. "जी साहेब. होय साहेब."

बाई गं! सरांनी जन्मात कुणाला साहेब म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. शाळेत शिक्षणाधिकारी आले तरी हा माणूस "या, बसा" म्हणायचा.

नीरजाताईंनी दार वाजवलं. "अहो, दार उघडा. मुक्ताताई आल्यात."

आत तो परका आवाज थांबला. मग दारामागून, अगदी फटीपाशी तोंड आणून बोलावं तसा सरांचा आवाज आला.

"नीरजा, दार वाजवू नकोस. तुझ्या गळ्याची शपथ घेतलीय मी. कुणाशी बोलायचं नाही. तुझ्यावर बेतेल. जा."

पावलं दूर गेली, आणि तो परका आवाज पुन्हा सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस, शपथेला काय घाबरायचं? पण सरांना ओळखणाऱ्याला विचारा. ज्यानं वर्गात कधी खोटी हजेरी मांडली नाही, कीर्तनात "सत्य" हा शब्द आला की ज्याचे हात आपोआप जोडले जायचे, तो माणूस बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन बसला होता. ती मोडणं त्याच्या हातून व्हायचं नव्हतं. ज्यानं कुणी त्याच्याकडून ती घेववली, त्यानं बरोबर माणूस हेरला होता.

नीरजाताईंनी खुर्ची ओढली आणि 'तबल्या'वर 'पेटी'चा पडदा उघडला.

मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. पडद्यावर मोठ्या चौकटीत एक गणवेशातला माणूस. मागे झेंडा, भिंतीवर कसलीशी मुद्रा. खालच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत आमचे सर. केस विस्कटलेले, कपाळाला सकाळचा बुक्का तसाच, आणि हात जोडलेले. त्यांच्यासमोर टेबलावर मोबाइल पालथा ठेवला होता. सरांच्या पाठीमागे गॅलरीचं दार उघडं होतं. दोरीवरचे कपडे हलताना दिसत होते.

त्या छोट्या चौकटीशेजारी आणखी एक छोटी चौकट होती. तिच्यात एक म्हातारी बाई बसली होती. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू, मागे निळा रंग दिलेली भिंत. तीही हात जोडून समोर बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"ही कोण?" मी कुजबुजले.

"आपल्या ओळखीची नाही," नीरजाताई म्हणाल्या, आणि त्यांनी माउसवरचा हात झटकन वर उचलला, चटका बसावा तसा. मला कळलं. बाण हलला असता तर त्या माणसाला दिसला असता. सरांच्या कॉम्प्युटरात काय काय चाललंय ते तोही बघत असेल. आम्ही श्वासही हळू घ्यायला लागलो, जणू तो आवाज वायरीतून त्याच्यापर्यंत जाणार होता.

पडद्याच्या कडेला लिहिलेल्या ओळी होत्या. बोलणं कमी पडे तेव्हा ते लिहीत होते. मी वाचत गेले.

तुमच्या नावाच्या सिमकार्डावरून गुन्हा झाला आहे. तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. ही बाईसुद्धा अटकेत आहे, बघा कशी सहकार्य करते. पत्नीला सांगितलंत तर तिलाही ताब्यात घेऊ. लाइन तुटली तर आमची माणसं खाली उभी आहेत. शपथ लक्षात आहे ना?

त्याखाली सरांनी लिहिलेलं. माझ्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही, साहेब. माझी बायको निर्दोष आहे. तिचं नाव यात नको.

आणि त्याखाली, आम्ही बघत असतानाच, एकेक अक्षर उमटत गेलं. सर टाइप करायला हळू आहेत. एका बोटानं करतात.

"साहेब, आरोपीच उरला नाही तर खटला बंद होतो का?"

नीरजाताईंनी माझं मनगट धरलं. त्यांची नखं रुतली, अजून खूण आहे.

तिकडून एकच शब्द आला.

"होतो."

माझी नजर त्या छोट्या चौकटीकडे गेली. सरांनी मान वळवून मागे बघितलं. गॅलरीकडे. कपडे हलत होते.

देवा, ते क्षण कुणाला देऊ नकोस. मला वाटलं किंचाळावं, दारावर धडका द्याव्यात. पण धडका दिल्या आणि सरांना वाटलं पोलीसच आले नीरजेला न्यायला, तर? दाराला आतून कडी घातलेली. आम्ही दोन म्हाताऱ्या. कडी तुटेपर्यंत गॅलरी किती दूर? खोलीच्या लांबीची.

नीरजाताईंनी आमोदला फोन लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्यानं उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मामी, मीटिंगमध्ये आहे मी, नंतर..."

"नंतर तुला मामा राहायचा नाही," नीरजाताई म्हणाल्या. असं कोरडं बोलल्या की त्याची मीटिंग तिथंच संपली. त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं.

"मामी, हे खोटे पोलीस आहेत. असं कुठलंच अटक करणं नसतं."

"ते मलाही कळतंय, बाळा. मामांना कळत नाहीये. दार तोडू?"

"नको, नको. मामाचा मोबाइल कुठाय?"

"टेबलावर. बंद करून ठेवायला लावलाय बहुतेक."

"म्हणजे त्या लोकांना मामाकडे यायला एकच वाट आहे, आपली वायर. नीट ऐक. बाहेरच्या खोलीत चपलांच्या कपाटावर डबा आहे ना दिवे लुकलुकणारा? त्यात बाहेरून एकच वायर येते. बाकीच्या तीन वायरी घरातल्याच. बाहेरची तेवढी काढ. ती काढली की त्यांचा आवाज जाईल, तोंड जाईल. पण घरातल्या वायरींना इंटरनेट लागत नाही. तुझा कॉम्प्युटर मामाच्या कॉम्प्युटरशी बोलतच राहील. तू त्याच्या पडद्यावर लिहू शकशील. ते गेले की तू लगेच तिथं हवीस, मामी. मध्ये त्याला एकटं सोडू नकोस."

"आणि चुकीची काढली तर?"

"मामाची काढलीस तर ते जातील, आणि तूही जाशील. मग आत फक्त मामा आणि ती गॅलरी."

नीरजाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पडद्यासमोरून उठता येत नव्हतं. म्हणजे वायर मी काढायची.

मी बाहेरच्या खोलीत गेले. डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते, आपलं काही बिघडलंच नाही असे. मागून पांढऱ्या वायरी निघालेल्या. सगळ्या सारख्या. आमोदनं चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या म्हणे. उन्हाळ्यात त्या सुटून कधीच्या केरात गेल्या होत्या. सगळ्या वायरी एकत्र होऊन भिंतीवरच्या पट्टीत शिरत होत्या, आणि पलीकडे त्यातली एक खिडकीच्या चौकटीतल्या भोकातून बाहेर पडत होती. ती बाहेरची. एवढं कळलं. पण पट्टीच्या आत कुठली कुठली?

मी खिडकीपाशी ती बाहेरची वायर चिमटीत धरली. दुसरा हात डब्याकडे लांबवला. गाल भिंतीला टेकला, चुन्याचा वास नाकात गेला. खिडकीकडची वायर हलकेच ओढली आणि डब्याकडच्या वायरींवर बोटं ठेवून बघितलं, कुठली थरथरते. पेटीच्या भात्यावर हात ठेवला की आतला सूर तळहाताला कळतो ना, तसं.

काही कळेना. पुन्हा ओढलं. दोन वायरी हलल्यासारख्या वाटल्या. की माझाच हात कापत होता? मी मनात बुवांना म्हटलं, बुवा, तुमच्या आवाजासाठी घातल्यात या वायरी, आता तुम्हीच बघा. तिसऱ्यांदा ओढलं. एक हलली. कडेची.

आतून नीरजाताईंचा दबका आवाज आला. "मुक्ताताई. ते खुर्चीतून उठतायत."

त्या वायरीच्या टोकाला एक चिमटा असतो. तो दाबल्याशिवाय ती निघत नाही. माझ्या घामट बोटांखालून तो निसटला. पुन्हा धरला, नख घातलं, आणि ओढली.

टक्.

मी वायर हातात तशीच धरून आत पळाले. ती कुठली होती हे मला अजून ठाऊक नव्हतं.

पडदा दिसत होता. देवाची कृपा, पडदा दिसत होता! गणवेशातला माणूस तोंड अर्धं उघडं ठेवून थिजला होता. त्या म्हाताऱ्या बाईची चौकट आधी राखाडी झाली, मग तिथं नुसतं एक वर्तुळ फिरत राहिलं. सरांचीही चौकट थिजली, आणि तिच्यात सर नव्हतेच. रिकामी खुर्ची होती, आणि मागे उघडं दार.

दाराआडून त्यांची पावलं ऐकू आली. आमच्याकडे येणारी नव्हे. पलीकडे जाणारी.

नीरजाताईंनी त्यांच्या पडद्यावर कोरा कागद उघडला होता. बोटं चाललेली. पण मी म्हटलं, "ताई, ते पडद्याकडे बघतच नाहीत! लिहून काय उपयोग?"

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी बाण खाली नेला. खालच्या पट्ट्यात आदल्या दिवशीची कॅसेट तशीच उघडी होती. कुठल्या जागी होती ते बघायला वेळ कुणाला होता? त्यांनी ती लावली, आणि आवाजाची पट्टी टोकापर्यंत नेली.

बंद दारामागून धोंडिबाबुवा खोकले.

गेलेल्या माणसाचा खोकला, भर दुपारी, आणि एवढा मोठा की दाराची कडी वाजली. बुवा दोनदा खोकले, कॅसेटमधला तबला थांबला, आणि बुवा म्हणाले, "मास्तर, पाणी द्या हो."

ही जागा काढून टाकायची की ठेवायची, यावरून आदल्या दिवशी नवराबायकोचं वाजलं होतं. सर म्हणत होते, कीर्तनात खोकला कशाला? नीरजाताई म्हणत होत्या, बुवा खोकायचे, तर खोकू देत. कॅसेटमधल्या त्या जुन्या कीर्तनात बुवांना तांब्या नेऊन देणारे मास्तर हेच. तेव्हा केस काळे होते त्यांचे.

आत पावलं थांबली.

"मास्तर?" बुवा पुन्हा म्हणाले. कॅसेटमध्ये कुणीतरी हसलं.

आणि मग पावलं परत आली. हळू. खुर्ची किरकिरली. नीरजाताईंनी कॅसेट बंद केली आणि लिहायला लागल्या. मी वाचत होते, तेच सर आत वाचत होते.

"अहो, मी नीरजा. हे मी लिहितेय. ते लोक गेले. मी त्यांची वायर काढली."

मग एका बोटानं, एकेक अक्षर.

"तू का केलंस? ते खाली आहेत. तुला नेतील."

"खाली भाजीवाला आहे. तो मला नेणार नाही, माझी घासाघीस त्याला झेपत नाही."

मला वाटलं, बाई, आत्ता कसली थट्टा! पण त्यांचे गाल ओले होते. डोळे न पुसता त्या टाइप करत होत्या.

"मी शपथ घेतलीय. तुझ्या गळ्याची. मी बोललो तर तुझं बरंवाईट होईल."

"गळा कुणाचा?"

"तुझा."

"मग मी म्हणते, सुटली."

इथं मी हात जोडले. लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलंय. कुणी शपथ घातली की तिच्यामागे धावायचं, "सुटली म्हण, सुटली म्हण," आणि तिनं सुटली म्हटल्याशिवाय घास उतरायचा नाही. खेळच तो. पण त्या दुपारी तो खेळ नव्हता.

सरांचं उत्तर आलं. गणिताचा मास्तर शेवटी.

"घातली त्यांनी. सोडवायची त्यांनीच. नियम तसा आहे."

नीरजाताईंनी दोन्ही हात टेबलावर आपटले. मग एवढ्या जोरात टाइप केलं की कीबोर्डच्या कळा उडतील असं वाटलं.

"त्यांनी माझा गळा मला न विचारता उसना घेतला. उसन्या गळ्यावर नियम माझा चालेल. सुटली. सुटली. सुटली. आता दार उघडा, नाहीतर मी नवीन शपथ घालीन."

आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. काही उमटलं नाही. एक अक्षर नाही. माझ्या हातातली वायर मी अशी आवळली होती की तिचं टोक तळव्यात घुसलं.

मग कडी सरकली.

सर दारात उभे होते. रडत नव्हते. नीरजाताई उठल्या, जवळ गेल्या, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे हात घालून आधी गॅलरीचं दार लावलं, कडी घातली, आणि मगच त्यांना धरलं. मला हे आठवलं की अजून भरून येतं. आधी दार, मग माणूस.

सर खाली फरशीवरच बसले. पाणी प्यायले. मला वाटलं, आता म्हणतील देवानं वाचवलं. पण त्यांनी पहिलं विचारलं ते हे.

"त्या बाई कुठं गेल्या?"

आम्ही काय सांगणार? चौकट राखाडी झाली तेवढंच आम्ही बघितलं होतं.

मग सरांनी सांगितलं. तो गणवेशवाला मध्येच जेवायला म्हणून उठून गेला होता. दोघांना बजावून गेला, हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि मग त्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, तुमी जेवलात का?"

सर म्हणाले, नाही.

"मीबी न्हाई. घरची समदी रानात गेल्यात. सांजच्याला येत्याल. तवर हितंच बसाया सांगितलंय." मग थोडं थांबून, "तुमी घाबरू नगा. आपुन काय केलंय?"

सर त्यांचं नाव विचारणार, तेवढ्यात तो परत आला.

आम्ही हेल्पलाइनला फोन केला, दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे जाऊन आलो. खऱ्या. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. सरांनी आपल्याआधी त्या बाईंचं सांगितलं. निळी भिंत, मोठं कुंकू, रानात गेलेली माणसं. साहेब म्हणाले, "सर, कधी कधी ती त्यांचीच माणसं असतात. तुम्हाला खरं वाटावं म्हणून शेजारी बसवलेली. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"असेल तसं," नीरजाताई म्हणाल्या. "आणि नसेल तर?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शोध घेतो म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनी घेतलाही असेल. पण निळ्या भिंती महाराष्ट्रात कमी आहेत का?

सर आता बरे आहेत. कॅसेटींचं काम पुन्हा सुरू झालं. गॅलरीच्या दाराला नीरजाताईंनी वरून एक जास्तीची कडी बसवून घेतली आहे, आणि ती का, हे त्या घरात कुणी विचारत नाही. वायर मीच पुन्हा जोडली. पण ती जोडताना माझा हात थबकला होता, खरं सांगते. मी ती ओढली तेव्हा आमचा माणूस इकडे आला आणि ती माउली तिकडे एकटी राहिली, त्या माणसासमोर, उपाशी, घरात कुणी नसताना. ओढायलाच हवी होती, त्यात मला शंका नाही. तरी रात्री डोळे मिटले की ते वर्तुळ फिरताना दिसतं.

सर रोज देवासमोर नीरजाताईंच्या आधी त्या बाईंचं नाव घेतात. नाव माहीत नाही, तर "निळ्या भिंतीच्या बाई" म्हणतात.

कथा एवढीच. आता उठाल, घरी जाल, कुणी गावी जाल. प्रसाद घेऊन जा, मी अडवत नाही. पण तुमच्या आळीत, तुमच्या वस्तीवर, माणसं रानात गेलेली असताना एखाद्या घराचं दार भर दुपारी आतून बंद दिसलं, आणि आत एखादी म्हातारी जाऊबाई, आत्याबाई, शेजारीण असेल, तर नुसतं पुढे जाऊ नका. हाक मारा. जेवलात का विचारा. आणि त्यांनी दार उघडलं नाही तरी, निघताना आमच्या त्या निळ्या भिंतीच्या बाईंना एकदा मनात आठवा. तेवढं करा माझ्यासाठी.